खोक्यावर हजार, बादलीत साडेचारशे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्याकडे रोज खड्डे, पाणी, लोकल यावरच पत्रं येत असणार, माझं घरातल्या फिश टँकच्या पंपाबद्दल आहे. विषय बारीक वाटेल, पण आता दोन बिल्डिंग सोडून एकाकडे तरी काचेची पेटी असतेच आणि ती घेताना फसणारे माझ्यासारखे बरेच असतील म्हणून लिहितोय.

मे महिन्यात आमचे तीन गोल्डफिश पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. अर्धं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी परत तेच. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला ऑक्सिजन कमी पडतोय, पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचा, पाणी ढकलणारा छोटा पंप) लावा, आणि न विचारता ताशी २५०० लिटरवाला काढून समोर ठेवला, "काका मोठाच घेऊन टाका, परत परत कशाला". टँक केवढा, मासे कुठले, काही नाही. मीही विचारलं नाही म्हणा, मोठा आकडा बघून बरंच वाटलं.

घरी येऊन लावला आणि डोक्यावर गोंडा असलेला आमचा जो जाडा मासा आहे त्याची अवस्था डोंबिवलीला भरलेल्या लोकलमधून लोक उतरत असताना चढायला बघणाऱ्या माणसासारखी झाली, शेपटी हलवतोय हलवतोय पण आहे तिथेच. एका कोपऱ्यातले खडे उडून खालची काच दिसायला लागली. रात्रभरात तिघं दगडाच्या मागे जाऊन बसले. वर तो पंप ३५ वॅटचा, २४ तास पाण्यात बुडालेला, म्हणजे त्याची उष्णता पाण्यातच जाणार, आणि मुळात त्रास सुरू झाला होता तो उन्हाळ्यामुळे! २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसातच्या आसपास. उपाय म्हणून मी पाण्यात हीटरच सोडला होता की.

एक गोष्ट मला नंतर कळली ती आधी कळायला हवी होती. पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून शिरतो. बुडबुडे दिसायला छान, पण त्यांचं खरं काम खालचं पाणी वर आणायचं आणि वरचा थर हलता ठेवायचा. पॉवरहेडचंही तेच. त्यासाठी धबधबा लागत नाही, वर बारीक लाटा दिसल्या आणि मागच्या कोपऱ्यात घाण साचली नाही की झालं.

मग गणित केलं. लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजारने भागायचं. आमचा टँक तीन फूट बाय एक फूट बाय सव्वा फूट, म्हणजे साधारण १०६ लिटर. साध्या गोड्या पाण्याच्या टँकला तासाला चार ते सहा पट पाणी फिरलं तरी पुरतं, झाडं दाट असतील तर थोडं जास्त, बेटा (फायटर मासा) किंवा गोल्डफिशसारखे लांब शेपटीचे मंद मासे असतील तर कमीच बरं. समुद्राच्या पाण्यातले कोरलवाले वीस पट आणि वर जातात, त्यांचा आकडा आपण घ्यायचा नाही. म्हणजे मला हवे होते ताशी साडेचारशे-पाचशे लिटर, दिले होते २५००.

दुकानात परत गेलो, पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला, बदलून १००० वाला घेतला आणि वरचे पैसे गेले ते गेले. घरी आल्यावर माझ्या डोक्यात काय आलं काय माहीत, पंपाला पाइप लावला, १० लिटरची बादली स्टुलावर टँकच्या पाण्याच्या बरोबरीला ठेवली (खाली जमिनीवर ठेवली तर पाणी आपोआप ओढलं जातं आणि पंप आहे त्यापेक्षा जोरात वाटतो), आणि बायकोला मोबाइल घेऊन उभं केलं. ताशी १००० लिटर म्हणजे बादली ३६ सेकंदांत भरायला हवी. भरली ८० सेकंदांत. म्हणजे ४५०! पंप पाणी ओढतो त्या तोंडावरचा स्पंज काढून बघितलं, दहा-बारा सेकंदांचाच फरक.

गंमत अशी की ४५० हेच मला हवं होतं. फसलो, पण मापात फसलो. आता पंप मागच्या काचेला वरच्या बाजूला लावलाय, तोंड किंचित वर आणि लांबीच्या दिशेने, गोंडेवाला परत पुढे येऊन खायला मागतो.

पण सगळ्यांचं नशीब असं नसतं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा, नव्या कोऱ्या पंपाचा असतो, पाणी जसं वर चढवाल तसा तो घटतो आणि एच-मॅक्स म्हणून जी उंची लिहिलेली असते तिथे तर धार बंदच. खड्यांखाली बसवायच्या (अंडरग्रॅव्हल) फिल्टरच्या नळीवर बसवणार असाल, स्पंज लावणार असाल (गप्पीची पिल्लं असतील तर लावाच, नाहीतर आत ओढली जातात), तर थोडा वरचा घ्या, जोर कमी करायची चकती असलेला मिळाला तर उत्तम. बोअरचं पाणी असेल तर इंपेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यांवर) पांढरा थर बसतो, महिना-दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये ठेवून धुवायचा. आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हे आमच्याकडे मुलीने टँकवर चिकटवून ठेवलंय.

तक्रार मात्र आहेच. माझ्या दोन्ही खोक्यांवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, तक्रारीसाठी नंबर नव्हता, एकावर तर एमआरपीच्या जागी हाताने आकडा लिहिलेला. पाकीटबंद वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यात हे सगळं छापणं बंधनकारक आहे. शंभर-दोनशेच्या बिस्किटांवर सापडतं मग पाण्यात बुडवायच्या विजेच्या वस्तूवर का नाही? मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदारांना एवढंच सांगणं आहे की काउंटरवर एक टब आणि एक बादली ठेवा, गिऱ्हाइकासमोर पंप चालवून दाखवा, मिनिटभराचं काम आहे. आणि आधी टँक किती लिटरचा ते तरी विचारा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)