चांगला दात कापायच्या आधी पेशंटला सगळे पर्याय सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत 'स्माइल मेकओव्हर'वर एक पान आलं होतं. ट्रीटमेंटच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि खाली व्हिनियर, कॅप, व्हाइटनिंग, इम्प्लांट असं सगळं एका दमात सांगून टाकलेलं. वाचल्यावर मला गप्प बसवेना म्हणून लिहितेय. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण त्या दोन फोटोंच्या मधे दाताचं काय होतं याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मधला फोटो कुणी छापतच नाही. कॅपसाठी दात चारी बाजूंनी कापल्यावर नुसता निमुळता खुंट उरतो, आणि असे चार खुंट मी माझ्याच तोंडात आरशात बघितलेत.

माझी तक्रार होती एवढीशी. वरच्या पुढच्या दोन दातांमधे फट होती आणि लहानपणी पडल्यामुळे त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला होता. दात किडलेले नव्हते, दुखत नव्हते, हलत नव्हते. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले की पुढच्या चारही दातांना कॅप घालू म्हणजे सगळं एकसारखं दिसेल, दोन बैठकांत काम होईल, आणि मी हो म्हटलं कारण मला वाटलं कॅप म्हणजे दातावर वरून टोपी बसवतात, तिच्यासाठी खालचा दात कापावा लागतो हे मला खुर्चीत बसून मशीनचा आवाज सुरू झाल्यावर कळलं. सहा वर्षांनी त्यातल्या एका दाताची नस मेली, कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावं लागलं. मग दुसऱ्या कॅपच्या कडेला हिरडीजवळ कीड लागली. तेव्हा ज्या नव्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी माझे जुने फोटो बघितले आणि सांगितलं की हे काम बाँडिंगने, म्हणजे दाताच्या रंगाचा थर वरून चिकटवून, झालं असतं, एकाच बैठकीत, दाताला जवळजवळ हात न लावता. मी घरी येऊन खूप रडले. कॅप वाईट बसवल्या होत्या असं नाही, अजूनही लोक माझे दात छान दिसतात म्हणतात, पण दुसरा पर्याय होता आणि तो मला कुणी सांगितलाच नाही, हे काही मनातून जात नाही.

दाताचं वरचं आवरण, इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्याचा साधारण ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. पण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, इनॅमल एकदा कापलं की गेलं ते गेलंच. कापलेल्या दाताला मरेपर्यंत कशाचं ना कशाचं तरी आवरण लागतं, आणि ते आवरणही जन्मभर टिकत नाही, दहा-पंधरा वर्षांनी कधीतरी बदलावं लागतं, प्रत्येक वेळी थोडा दात अजून जातो. पंचविशीत घातलेली कॅप ही किमान तीन-चार वेळा बदलायची वस्तू आहे हे पेशंटला पहिल्या दिवशी सांगायला नको का?

२००२ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात पुढचे दात कापायच्या आधी आणि नंतर वजन करून बघितले होते. व्हिनियर (दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा) आणि चिकटवायच्या ब्रिजसाठी (शेजारच्या दातांना धरून बसवलेला खोटा दात) दाताचा हिरडीबाहेरचा भाग ३ ते ३० टक्के गेला, पूर्ण कॅपसाठी मात्र ६३ ते ७२ टक्के! म्हणजे निम्म्याहून जास्त दात. आणि जेवढं जास्त आत जाल तेवढं नसेच्या जवळ जाता, माझ्या दाताचं झालं ते म्हणूनच.

बाँडिंग म्हणजे दाताच्याच रंगाचं कंपोझिट, म्हणजे रेझिनचं (प्लास्टिकसारख्या पदार्थाचं) मिश्रण, दातावर थर देऊन बसवायचं, निळ्या लाइटने घट्ट करायचं आणि पॉलिश करायचं. याची मुळं १९५५ मधे आहेत, तेव्हा मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून ते किंचित खरखरीत केलं तर त्याला रेझिन घट्ट धरून बसतं. त्याआधी फिलिंग टिकावं म्हणून खाचा पाडून चांगला दातही कापावा लागायचा. आता फट बुजवायची असेल, कोपरा उडालेला असेल, एखादा दात बारीक असेल तर पहिल्यांदा हाच विचार व्हायला हवा. तोटे आहेत ना, ते पण सांगा. कंपोझिटवर डाग चढतात, कडा तुटू शकतात, काही वर्षांनी पॉलिश नाहीतर दुरुस्ती लागते. पण खाली दात शाबूत असतो, पुढे व्हिनियर करायचं ठरलं तरी तो रस्ता उघडाच असतो. कॅपवरून मागे यायला रस्ता नाही.

व्हिनियर म्हणजे सिरॅमिकचा पातळ पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर, दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवतात. इनॅमलवर चिकटवलं तर खूप छान टिकतं, पण जास्त कापून इनॅमलखालच्या थरावर, डेंटिनवर, चिकटवलं तर पकड तेवढी राहत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचं की किती कापणार आणि इनॅमल शिल्लक राहणार का. आणखी एक, मेणावर किंवा कंप्युटरवर आधी डिझाइन करून तेच तोंडात तात्पुरतं बसवून दाखवता येतं, दात न कापता. मॉकअप म्हणतात त्याला. हसून, बोलून बघायचं, घरच्यांना दाखवायचं. हे मागणं पेशंटचा हक्क आहे असं मी म्हणेन. झोपेत दात करकर खाणाऱ्यांना तर आधी नाइट गार्डबद्दल, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या संरक्षक साच्याबद्दल, सांगायला हवं, नाहीतर महागातलं व्हिनियर पण टवका उडून हातात येतं.

आता व्हाइटनिंग. यावर इतकं उलटसुलट ऐकायला मिळतं की पेशंट बिचारा गोंधळूनच जातो. मुळात दात थोडा पिवळसर असणं हे नॉर्मल आहे, आतलं डेंटिन पिवळट असतं आणि वय वाढलं की इनॅमल झिजून ते जास्त दिसायला लागतं. वरवरचे डाग नुसत्या क्लीनिंगने जातात. त्यानंतरही पांढरे हवे असतील तर पेरॉक्साइड या रंग घालवणाऱ्या रसायनाचं ब्लीचिंग, आणि त्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालेली पद्धत म्हणजे मापाचा ट्रे करून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावायचं, १९८९ पासून ही माहितीत आहे. त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. दोन-तीन आठवडे लागतात, मधे दात आंबल्यासारखे होतात, थंड लागतं, पण ते बंद केल्यावर बहुतेकांचं जातं. क्लिनिकमधे लाइट लावून तासाभरात करतात त्यात दात कोरडे पडल्यानेही पांढरे दिसतात, एकदोन दिवसांत थोडा रंग परत येतो, तेव्हा फसवलं असं वाटून घेऊ नका पण ते आधी सांगायला हवं होतं हे खरं. युरोपियन युनियनमधे ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेलं व्हाइटनिंग डेंटिस्टशिवाय विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्यांना वापरता येत नाही. आणि इंटरनेटवर सोडा, कोळसा, आंबट रस चोळायचे उपाय फिरतात ना, ते कृपा करून करू नका. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, त्यावर खरखरीत पावडर घासली की आवरणच झिजतं आणि दात उलट जास्त पिवळा दिसतो.

ब्लीचने कॅप, व्हिनियर, फिलिंग यांचा रंग बदलत नाही हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसेल. (हा माझा अंदाज, आकडा म्हणून घेऊ नका.) म्हणून ब्लीचिंग आधी, मग दोनेक आठवडे थांबून त्या रंगाला जुळणारं बाँडिंग. लगेच केलं तर नीट चिकटत नाही. फ्लोरोसिसचे, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने आलेले, पांढरे-तपकिरी ठिपके असतील तर वरचा अगदी पातळ थर घासून काढणं किंवा रेझिन मुरवणं असे सौम्य उपाय आहेत. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिल्यामुळे करडे पट्टे आलेल्यांना मात्र महिनोन् महिने ब्लीच लागतं, तरी पूर्ण जाईलच असं नाही, त्यांनी व्हिनियर निवडलं तर मी समजू शकते.

कॅपच्या विरोधात मी आहे असा कुणाचा समज होऊ नये. दाढेचं रूट कॅनल झालंय, भिंती पातळ झाल्यात, तिथे कॅप घातली नाही तर दाढ चावताना उभी चिरू शकते आणि मग बहुतेक वेळा काढावीच लागते. तिथे कॅप दाताला वाचवते. माझ्या आईने 'आता दुखत नाही ना' म्हणून रूट कॅनलनंतर कॅप टाळली आणि वर्षाच्या आत ती दाढ चिरून गेली. मधला पर्यायही असतो, ऑनले, म्हणजे फक्त चावायचा वरचा भाग झाकायचा. फिलिंगमधे चांदीचं फिलिंग, म्हणजे अमाल्गम, ज्यात जवळपास निम्मा पारा असतो, ते युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडून बंद केलंय, पण तुमच्या तोंडातलं जुनं फिलिंग चांगलं असेल तर निव्वळ भीतीने उकरून काढायची गरज नाही.

आईची दाढ गेल्यावर आम्ही पण 'मागची तर आहे, कुणाला दिसतेय' म्हणून दोन वर्षं काही केलं नाही. तेही चुकलं. दात काढला की तिथलं जबड्याचं हाड बसायला लागतं, पहिल्या वर्षभरात रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो, शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरचा दात खाली उतरतो. नंतर इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा टिटॅनियमचा स्क्रू, करायचं तर बऱ्याचदा आधी हाड भरावं लागतं. इम्प्लांटमागचं तत्त्व स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांच्या १९५० च्या दशकातल्या सशांवरच्या प्रयोगातून पुढे आलं, टिटॅनियमला हाड घट्ट धरतं हे तिथे दिसलं, आणि १९६५ मधे पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. शेजारचे दात कापावे लागत नाहीत हा मोठा फायदा. पण सिगारेट ओढणाऱ्यांना, शुगर ताब्यात नसणाऱ्यांना धोका जास्त, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी काही गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर ते आधी सांगायलाच हवं. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं असलं तरी त्याच्या भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं, त्यामुळे सफाई चुकत नाही.

ब्रिजमधे बाजूचे दात कापले जातात. ते आधीच मोठ्या फिलिंगचे असतील तर ठीक, कोरे करकरीत असतील तर जीव तुटतो. पुढचा एकच दात नसेल तर मागून पंखासारखी पट्टी चिकटवायचा ब्रिज पण असतो, दात जवळजवळ कापावा लागत नाही, याचं नावही मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि कवळीला नाक मुरडायचं कारण नाही. ज्यांची खालची कवळी सारखी हलते त्यांना खाली फक्त दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी अडकवता येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मधे जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असं म्हटलं होतं.

दात वाकडे आहेत म्हणून कापून सरळ 'दाखवणं' हा प्रकार तर बंदच व्हायला हवा असं माझं मत आहे. तार किंवा अलायनर (दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक साचे) लावून दात खरोखर सरळ होतात, वेळ लागतो, अलायनर दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात, आणि नंतर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी किंवा साचा) घातला नाही तर दात परत सरकतात. पण दात आपलाच राहतो. आणि यातलं काहीही करायच्या आधी हिरड्या. हिरड्यांतून रक्त येत असताना वर सिरॅमिक चढवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. क्लीनिंगने दात हलायला लागतात असं लोक म्हणतात, पण ते दात आधीच हललेले असतात, कीटणाने धरून ठेवलेले असतात इतकंच.

संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी असं पान छापाल तेव्हा त्या दोन फोटोंखाली तीन गोष्टी लिहायला सांगा: किती दात कापला, हे किती वर्षांनी बदलावं लागेल, आणि याहून कमी कापाकापीचा कुठला पर्याय होता. डॉक्टर मंडळींनाही विनंती, 'काहीच केलं नाही तर काय होईल' हे पण पेशंटला सांगा. तसंच राहू दे म्हणणं हाही पर्याय असतो, माझ्या फटीला तो चालला असता.

येत्या महिन्यात माझ्या चारपैकी दोन कॅप बदलायच्यात. या वेळी डॉक्टरांनी स्वतःहून दोन एक्सरे समोर ठेवून अर्धा तास समजावलं, कागदावर तीन पर्याय लिहून दिले आणि घरी जाऊन विचार करा म्हणाले. तो कागद मी जपून ठेवलाय.

आपली,
एक नियमित वाचक