स्प्रिंगच्या बंदुकीसाठी म्हणून विकलेल्या दुर्बिणीची वॉरंटी स्प्रिंगच्याच कारणाने नाकारल्याबद्दल तक्रार

भुसावळ, जि. जळगाव
दि. ६ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ३-९×४० (३ ते ९ पट मोठे दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची) एअर रायफल स्कोपमधील, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीतील दोष आणि आजीवन वॉरंटी नाकारल्याबाबत.
संदर्भ : बिल दि. ५ ऑक्टोबर २०२४, रक्कम ₹७,८५०. आपला नकाराचा ई-मेल दि. २१ एप्रिल २०२५.

महोदय,

आपल्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे : ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी खास. आजीवन वॉरंटी.’ आणि २१ एप्रिलच्या ई-मेलमध्ये आपण लिहिता : ‘स्प्रिंग एअर रायफलवर वापरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.’ खोका आणि ई-मेल शेजारी ठेवून मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचले. चष्मा बदलूनही वाचले.

मी वरणगावच्या आयुध निर्माणीत गुणवत्ता तपासणी विभागात ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो. लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवणारा हा कारखाना १९६४ पासूनचा आहे. तिथे माल गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही तर बाहेर. ‘साहेब, थोडासाच फरक आहे’ हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकले आणि एकदाही मानले नाही. त्यामुळे खाली जे मोजमाप देतो आहे ते अंदाजपंचे नाही. प्रत्येक आकडा वहीत तारखेसह लिहिलेला आहे.

आधी ही दुर्बीण घेतलीच कशाला, ते सांगतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. मूळचा कोल्हापूरचा, पण नोकरी आमच्या मध्य रेल्वेची, त्यामुळे भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात घराघरांत तो आपलाच पोरगा झाला. माझ्या नातवानेही बंदुकीचा हट्ट धरला. परवाना न लागणारी ४.५ मिलिमीटरची एअर रायफल ₹९,२०० ला आणली. मी समोर असल्याशिवाय तो तिला हात लावत नाही, आणि आमच्या शेतात मातीच्या उंच बांधावर लावलेल्या कागदाखेरीज ती कशावरही चालत नाही. आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले होते, ‘डुकरावर वगैरे मारली का?’ साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याने रानडुक्कर मारायला निघणाऱ्या माणसाला दुर्बिणीची नाही, डॉक्टरची गरज असते. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा मला ठाऊक आहे.

नातू उघड्या माशीवरच, म्हणजे नळीवरच्या साध्या नेमखुणेवरच शिकतो आहे आणि पुढे पीप साइटवर (बारीक भोकातून पाहून नेम धरण्यावर) जाईल, कारण ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही. आपल्या जाहिरातीत मात्र ‘ऑलिम्पिकच्या तयारीसाठी उत्तम’ असे लिहिले आहे. ते तेवढे काढून टाका, पोरांची दिशाभूल होते.

दुर्बीण घेतली ती माझ्यासाठी. माझे वय ६४, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. उघड्या माशीने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लांबचा कागद असे तिन्ही एकदम स्पष्ट दिसावे लागतात. या वयात एक दिसले की दुसरे धूसर होते. दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एकाच अंतरावर दिसतात, डोळ्याला धावपळ नाही. नातवाबरोबर म्हाताऱ्यालाही दोन घटका रमता यावे, एवढाच हेतू. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, शस्त्रपूजेत बंदुकीवर चढवून ठेवली, हळद-कुंकू वाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला काढली.

पहिले काही आठवडे मी खूश होतो, हे प्रामाणिकपणे लिहितो. काच चांगली आहे. संध्याकाळी दिवेलागणीला केळीच्या बागेच्या कडेला उजेड कमी झाला तरी कागदावरचा ठिपका स्वच्छ दिसे. २० मीटरवरून पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात.

साधारण ३८० छर्ऱ्यांनंतर बिघडले. दोन छर्रे बरोबर मध्ये, पुढचे दोन पाच सेंटिमीटर डावीकडे, मग परत मध्ये. मला आधी संशय स्वतःवर आला, मग बंदुकीवर, दुर्बिणीवर सगळ्यात शेवटी. दुर्बीण बंदुकीला धरून ठेवणाऱ्या माउंटचे स्क्रू पाहिले. नळीवर आणि माउंटवर मिळून सूनबाईंच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली, म्हणजे दुर्बीण सरकली तर रेघ तुटेल. पन्नास छर्रे मारले, रेघ जशीच्या तशी. उघड्या माशीवर नातवाला मारायला लावले, त्याचे छर्रे एकत्र पडले. मग कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याची ₹३,००० ची दुर्बीण त्याच माउंटमध्ये, त्याच बंदुकीवर बसवली. तीही झकास. आपली परत बसवली आणि छर्रे पुन्हा गावभर. सहकारी म्हणाला, “ही दुर्बीण नाही भो, हा मटका आहे. कोणता आकडा लागेल सांगता येत नाही.”

तेवढ्यावर न थांबता चौकोनाची चाचणी केली. आपल्या माहितीपत्रकानुसार नेम सरकवणाऱ्या बटणाचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (एमओए हे कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर ते सुमारे ७.३ मिलिमीटर होते, तर २० मीटरवर साधारण १.४५. म्हणजे २० क्लिक फिरवले की छर्रा २९ मिलिमीटर सरकला पाहिजे. वर २०, उजवीकडे २०, खाली २०, डावीकडे २० फिरवले की गाडी मूळ जागी यायला हवी. वर फिरवल्यावर छर्रा सरकला १७ मिलिमीटर. उजवीकडे फिरवल्यावर जागचा हलला नाही, आणि दोन छर्ऱ्यांनंतर आपोआप ४० मिलिमीटरवर जाऊन बसला. मूळ जागी तो परत आलाच नाही. शेवटी दुर्बीण काढून खिडकीत शिकंज्यात धरली, फुली लांबच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर लावली आणि नळीवर रबरी हातोडीने हलकेच टिचकी मारली. फुली कठड्यावरून खाली उतरली. यात बंदूक नाही, छर्रा नाही, माझा हातही नाही. आतली नळी जिच्या आधारावर राहते ती स्प्रिंग बसली आहे, हे समजायला आणखी काय हवे?

शिवाय डिसेंबरच्या थंडीत पहाटे काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरू लागली. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीत आतून वाफ धरत नाही. धरली म्हणजे सील गेले आणि बाहेरची हवा आत शिरली. यावर आपल्या सेवा केंद्राचा प्रश्न होता, ‘धूप में रखा था क्या?’ आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो हे खरे, पण मी फोन डिसेंबरात केला होता.

९ डिसेंबरला ₹३४० कुरिअरला भरून दुर्बीण पाठवली. ४९ दिवसांनी, २७ जानेवारीला, ‘नवीन’ आली. तिच्या नळीवर आधीच कुणाच्या तरी माउंटचे दोन गोल वळ होते. नव्या नवरीच्या हाताला आधीच मेंदी लागलेली असावी, तसा प्रकार. बरे, खोक्यावर आयात करणाऱ्याचा पत्ताही नव्हता. वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांनुसार तो छापावा लागतो. वाद नको म्हणून मी तीच वापरली. ती १४० छर्ऱ्यांत गेली, दोष हुबेहूब तोच.

१८ मार्चला ₹३६० भरून दुसऱ्यांदा पाठवली. पोच नवव्या दिवशी मिळाली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे आहे. त्यानंतर आपल्याकडून आलेली कारणे क्रमाने सांगतो, कारण त्यांचा क्रमच बोलका आहे. आधी कळवले की माउंट जास्त आवळल्याने नळीवर वळ पडले आहेत. ते वळ आपणच पाठवले होते, आणि पार्सल उघडले त्याच दिवशीचे फोटो माझ्याकडे आहेत. मग कळवले की अनुक्रमांक वॉरंटी कार्डाशी जुळत नाही. कसा जुळेल? कार्ड पहिल्या दुर्बिणीचे, दुसरीसोबत कार्ड आपण दिलेच नाही. ही दोन्ही कारणे पडल्यावर, ३४ व्या दिवशी, तिसरे निघाले : स्प्रिंगच्या बंदुकीवर वापर.

इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण हे आपल्याला ठाऊक नाही असे मी मानत नाही. दारूच्या बंदुकीचा झटका मागच्या बाजूला असतो, आणि साध्या दुर्बिणीतल्या काचा तो सोसतील अशा बसवलेल्या असतात. स्प्रिंगच्या बंदुकीत जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो तेव्हा बंदूक पुढे हिसका खाते. एका छर्ऱ्यात दोन झटके, तेही उलटसुलट. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण म्हणूनच अशा स्वस्त एअरगनवर खिळखिळी होऊ शकते. हे माहीत असल्यामुळेच मी स्प्रिंगसाठी म्हणून विकली जाणारी दुर्बीण शोधली आणि त्या एका ओळीसाठी जास्त पैसे मोजले. साध्या दुर्बिणीला ₹३,००० पुरले असते. वरचे ₹४,८५० मी त्या दोन झटक्यांचे दिले आहेत. आता आपण म्हणता झटक्यांची जबाबदारी आमची नाही. छत्री पावसात उघडली म्हणून बाद, असे सांगणाऱ्या दुकानदाराला आमच्या आठवडी बाजारात लोक दुसऱ्या आठवड्याला पाल मांडू देणार नाहीत.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन, हेही एकदा कळवावे. माझे असेल तर मी अजून आहे.

मला तिसरी दुर्बीण नको. एकाच लॉटमधले दोन नग एकाच दोषाने गेले की आम्ही तिसरा नग उचलत नसू, अख्खा लॉट बाजूला काढत असू. मला दुर्बिणीची किंमत ₹७,८५० आणि दोन वेळचे कुरिअर ₹७००, असे एकूण ₹८,५५० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत हवेत. आपली परत आलेली दुर्बीण फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात आहे. ती हवी असल्यास माणूस पाठवून, पोच देऊन घेऊन जावी. तिसरे कुरिअर मी भरणार नाही.

मुदतीत पैसे न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन. आपले कार्यालय कुठेही असो, त्या कायद्याने मला माझ्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही. माल दोषी आहे की नाही हे ठरवायला आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तसे झाले तर मला आनंदच आहे. जळगाव इथून रेल्वेने अर्ध्या तासाचे, आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

दोन्ही बिले, कुरिअरच्या पावत्या, खोक्याचे आणि वळांचे फोटो, चाचणीचे कागद (छर्ऱ्यांच्या भोकांसकट) आणि वहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कागदांवरची मापे आपल्या अभियंत्याने स्वतः पट्टी लावून पाहावीत. त्यांना काही विचारायचे असेल तर सकाळी अकराच्या आत फोन करावा, नंतर मी शेतात असतो आणि तिथे रेंज नाही.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक बिलावर आहेत.)