स्मरणपत्र : रविवारच्या युगांडा-गप्पा

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या गटातले निवृत्त पती-पत्नी युगांडातल्या मसाकाजवळच्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहून नुकतेच परतले आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या सभागृहात ते अनुभव सांगतील. काकू तिथल्या शाळेत गणित शिकवत, काका हातपंप दुरुस्तीच्या कामात होते.

पंपांचा भाग चुकवू नका. युगांडात ‘यू-टू’ म्हणून ओळखला जाणारा हातपंप म्हणजे आपलाच ‘इंडिया मार्क टू’. आणि त्याचं मूळ सत्तरच्या दशकात दुष्काळी भागात घडलेल्या सोलापूर पंपात आहे! पंप बसवताना फोटो निघतात, पण वॉशर झिजला की तो बदलणारा माणूस आणि त्यासाठीचे पैसे गावातच असावे लागतात. काकांचा सगळा वेळ गावच्या पाणी समितीबरोबर याच खटपटीत गेला. (मटोके, म्हणजे वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, आवडली की नाही हे मात्र दोघांनाही वेगवेगळं विचारा.)

कृपया जुने कपडे देण्यासाठी आणू नका. तिथले बाजार परदेशी जुन्या कपड्यांनी आधीच भरलेले असतात.

ज्यांना स्वतः जायचं आहे त्यांनी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र परतताना आपल्या विमानतळावरही दाखवावं लागतं. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा, चहाचा अंदाज घ्यायचा आहे.

– कार्यवाह