तुझी खडूस आई

प्रिय मनू,

तुझा एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, अप्रूव्ह झाल्याचा मेल बाबांनी काल मला चार वेळा वाचून दाखवला. एकविसाव्या वाढदिवसाला बाबांच्या व्हिसावरचं राहणं संपतं, त्याआधी झालं एकदाचं, नाहीतर केक कापायचा की बॅगा भरायच्या हेच कळलं नसतं. 2010 ला इथे न्यू जर्सीत एडिसनला आलो तेव्हा पाच वर्षांची होतीस, किंडरगार्टनपासून इथलीच शाळा, आणि आता कागदावर तू परदेशातून शिकायला आलेली विद्यार्थिनी. हसावं की रडावं!

पण मला वेगळंच बोलायचंय, फोनवर तू विषय बदलतेस म्हणून टाइप करतेय. 2021 चा उन्हाळा आठवतो? मैत्रिणीला आईस्क्रीमच्या दुकानात जॉब लागला म्हणून तूपण फॉर्म आणलास आणि विचारलंस, आई, माझा सोशल सिक्युरिटी नंबर काय गं? मी कुकरचं निमित्त करून पाठ फिरवली, म्हटलं बाबांना विचारते. मला चांगलं माहीत होतं एच-फोरवरच्या, म्हणजे आई-बाबांच्या व्हिसावर आलेल्या मुलांना काम करता येत नाही, म्हणून तो नंबरही नाही. मी स्वतः पाच वर्षं घरात बसून काढलेली, 2015 ला नियम बदलला तेव्हा कुठे माझं ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, आलं, पण तो नियम नवरा-बायकोसाठी, मुलांसाठी नाहीच. ग्रीन कार्ड येईलच तोवर असं धरून चाललो होतो गं, दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये ग्रीन कार्डची रांग बघायची आणि भारताची आपली जिथल्या तिथे.

तू दोन दिवसांत नेटवर सगळं शोधलंस, फॉर्म टाकून दिलास, मला परत एक शब्द विचारला नाहीस. मला वाटलं विसरली. मग बँड कॉन्सर्टनंतर पार्किंगमध्ये त्या मैत्रिणीची आई अगदी गोड आवाजात म्हणते, मुलींना थोडी मोकळीक द्यावी, जॉबने काही अभ्यास बुडत नाही. तू सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आई फार स्ट्रिक्ट आहे, टिपिकल इंडियन मॉम!

खूप राग आला तुझा. मग रूट 27 च्या सिग्नलला उभी असताना डोक्यात आलं, व्हिसा म्हटलं असतंस तर दहा प्रश्न आले असते, इंडियन आई म्हटलं की सगळ्यांना लगेच पटतं, पुढे कोणी विचारतच नाही. हे तुला सोळाव्या वर्षी कळत होतं. तोंडाला चॉकलेट तसंच ठेवून मी नाही खाल्लं म्हणणारी तू! सिग्नल हिरवा झालेला, मागचा हॉर्न मारत होता तरी मी तिथेच.

त्यानंतर मीपण खडूस झाले. मैत्रिणी घरी आल्या की मुद्दाम आठ्या घालून, अभ्यास झाला का गं? तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि तुला कळलं की मला कळलंय. तेवढंच. बोललो कधीच नाही.

आता कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येईल, लायब्ररीत जागा आहे म्हणालीस ना, ते मिळालं की नंबरपण मिळेल. पहिल्या पगारातून मला काही आणू नकोस, फक्त त्या मुलीला खरं काय ते सांग बाई, परवा ओक ट्री रोडवर दिसली तर मला बघून अजून हातातला फोन लपवते.

आई