पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या दादांना

सप्रेम नमस्कार वि. वि.

त्रिनिदादला गाइड म्हणून तुम्ही मला आणि आईला दिवसभर फिरवलंत, त्याबद्दलचं हे पत्र तुमच्यापर्यंत माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून पोचेल. नवऱ्याच्या नोकरीपायी ती तिकडेच पॉइंट लिसासजवळ राहते. तुमच्या इंग्रजीची चाल तिच्या कानाला आता सरावली आहे, ती नीट समजावून सांगेल. तरी मी मराठीत लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण यातलं निम्मं तुमच्यासाठी आहे आणि निम्मं आमच्या इकडच्या काही जणांच्या कानावर जावं म्हणून आहे.

त्रिनिदादहून परत येऊन बरेच दिवस झाले. सामान जागेवर लागलं, तुमच्याकडची मिरचीची बाटली निम्मी संपली. पण तुमचा विषय निघाला की अजून माझा आवाज बदलतो. आई म्हणाली, "लिहून टाक एकदाचं."

आधी आमच्या इकडचं सांगते, म्हणजे मी एवढी का भारावलेय ते कळेल. आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पंचाहत्तरी उलटली, चालते हळू, पण चालते. उंच पायरी आली की अडते. बाकी डोकं, कान, जीभ, तिन्ही ठणठणीत. मागे ती सोसायटीतल्या बायकांबरोबर अंदमानला गेली होती. स्वराज द्वीपावरचा, म्हणजे ज्याला सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात तिथला राधानगर किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. कंपनीचा टूर मॅनेजर आमच्याच शहरातला, तोंडात साखर, रोज सकाळी "काय काकू, झोप लागली ना?" आणि किनारा आला तेव्हा म्हणाला, "काकू, वाळूत तुम्हाला जमायचं नाही. तुम्ही गाडीतच बसा, मी व्हिडिओ काढून आणतो." आई बसली, सगळ्यांच्या पर्सा आणि चपला सांभाळत. व्हिडिओ आला. त्यात सूर्य थोडा होता, मॅनेजर जास्त होता.

आई हे सगळ्यांना हसत सांगते. मी कधी हसले नाही.

विमानतळावरची तऱ्हाही तीच. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा आईच्या डोक्यावरून मला विचारतो, "पेशंटला बाथरूमला जायचंय का?" पेशंट! तिलाच विचार की, बाबा, ती पुढ्यात बसली आहे. तुमच्या देशात उतरल्यावर बहिणीने सहलीसाठी फोन केले, तर तिथेही एकाने गुडघ्यांचं ऐकून शहरातली चक्कर सुचवली, खाली उतरायची गरज नाही म्हणाला. एकाने नंतर फोनच उचलला नाही.

मग तुमचा नंबर मिळाला. तुम्ही वय विचारलं नाही, आजार विचारला नाही. विचारलंत एवढंच, की घरात कुठली पायरी ती कशालाही न धरता चढते, ती मोजून कळवा. बहिणीने शाळेची पट्टी घेऊन मागच्या दाराची पायरी मोजली. साडेसहा इंच. आम्हाला वाटलं, गाडीचं काहीतरी असेल.

सकाळी तुम्ही आलात. प्रत्येकाला वेगवेगळं "गुड मॉर्निंग" म्हणालात, शेजारच्या कुंपणाआडच्या बाईंनाही. आईला "आजी" म्हणालात. मग गाडीचं मागचं दार उघडून एक लाकडी पायरी काढलीत. रुंद, वर काळं रबर ठोकलेलं, खाली वाळूत रुतू नये म्हणून दोन आडव्या फळ्या. आईने विचारलं तर म्हणालात, घरात पडून होती, जुनी आहे. दादा, स्क्रू चकचकत होते आणि कापलेल्या लाकडाचा वास गाडीभर होता. खोटं बोलणं तुमचं काम नव्हे.

तुम्ही ती पायरी दारापाशी ठेवलीत, हलत नाही ना ते पाहिलंत, आणि सरळ पाठ फिरवून समोरच्या आंब्याच्या झाडाकडे बघत उभे राहिलात.

खरं सांगते, मला ते खटकलं. म्हटलं, हा कसला गाइड, म्हाताऱ्या बाईला हात तरी द्यावा. मीच पुढे झाले. आईने माझा हात बाजूला केला, पदर खोचला, एक पाय, मग दुसरा, आणि आत जाऊन बसली. तिला किती वेळ लागला ते तुम्ही पाहिलं नाहीत. दार लागल्याचा आवाज आल्यावर वळलात.

रस्ताभर तुम्ही फार बोलला नाहीत, ते बरं केलंत. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क ओव्हलपाशी मात्र आईनेच गाडी थांबवायला लावली. हे नाव तिने १९७१ च्या मार्चमध्ये पेपरात वाचलेलं. वाडेकर कॅप्टन, सरदेसाईंचं शतक, गावसकरांचा पहिला कसोटी सामना, आणि वेस्ट इंडिजवर आपला पहिलावहिला विजय. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर दाढ दुखत असताना गावसकरांनी काढलेल्या २२० धावाही तिला पाठ. ती हिंदी-इंग्रजी-मराठी मिसळून सांगत होती आणि मी मध्ये भाषांतर करायला गेले, तर तुम्ही हाताने थांबवलंत. सगळं ऐकून म्हणालात, "आणि १९७६?" याच मैदानावर चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य भारताने गाठलं, ते तुम्ही काढलंत, पाहुण्यांनी घरी येऊन केलेला पराक्रम यजमानाने सांगावा तसं. त्यानंतर तुम्हा दोघांना माझी गरज उरली नाही.

मरावलहून वर चढणारा तो डोंगरी रस्ता विसरणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी चागुआरामास ताब्यात घेतलं, तिथले किनारे लोकांना बंद झाले, त्याची भरपाई म्हणून १९४४ मध्ये त्यांनीच हा उत्तर किनाऱ्याचा रस्ता बांधून दिला, हे तुम्ही वळणावळणावर तुकड्यातुकड्याने सांगितलंत. वरच्या सज्जावर अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाचा तो पाला लावलेलं 'चाऊ' आईने दोनदा मागून खाल्लं. मराकसच्या किनाऱ्यावर सगळे शार्कच्या तुकड्यांवर तुटून पडले होते. आई शाकाहारी. टपरीवालीशी तुमचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण आईचा बेक, म्हणजे तिकडचा तळलेला पाव, वेगळ्या कढईत तळून आला, आत काकडी, अननस आणि चिंचेची चटणी. तुम्हीही तेच घेतलंत. शेजारी शार्कचा घमघमाट सुटला असताना.

मग समुद्र. मराकसची लाट दिसते त्याहून दांडगी, खालून पाणी ओढून नेते, झेंडे पाहूनच उतरायचं. तुम्ही आधी जीवरक्षकाशी बोलून आलात, वाळूच्या उतरणीवर पायरी टाकलीत आणि आईला पाण्याच्या कडेपर्यंत तिच्या चालीने येऊ दिलंत. तिने नऊवारी नाही, साधी पाचवारीच नेसली होती, ती घोट्याच्या वर धरून उभी राहिली. तुम्ही तिच्या दोन पावलं पुढे, समुद्राकडे तोंड करून, पुन्हा तिच्याकडे पाठच. प्रत्येक लाट आधी तुमच्या पोटऱ्यांवर फुटायची आणि निम्मी होऊन तिच्यापाशी यायची. धरायचा झाला तर खांदा हाताशी होता. तिने धरला नाही. आई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची, पोहायला शिकलेली मुलगी. गुडघे बदलल्यापासून खारं पाणी तिच्या पायांना लागलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. पण पुरतं कळलं ते संध्याकाळी कॅरोनीच्या दलदलीत.

चारच्या सुमाराला आपण धक्क्यावर होतो. बोट सपाट तळाची, लांब बाकांची, आणि आधीच भरलेली. तीसेक माणसं बसलेली, उशीर झाल्यामुळे थोडी वैतागलेली, आणि सगळ्यांची तोंडं धक्क्याकडे. आईला बोटीत उतरायचं होतं. चढण्यापेक्षा उतरणं तिला जड, आणि त्यात बोट हलती. तिचा चेहरा मी ओळखते. ती मला हळूच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथे बसते, छान आहे इथे." राधानगरला ती हेच म्हणाली असणार.

तुम्हाला मराठी कळत नाही. पण तुम्ही बोटवाल्याच्या मदतीने पायरी आत नीट बसवलीत, तो काठ घट्ट धरून उभा राहिला, आणि तुम्ही बोटीच्या पार दुसऱ्या कडेला जाऊन मोठ्याने ओरडलात, "इकडे बघा, इकडे, चार डोळ्यांचा मासा!"

सगळ्या माना वळल्या. बोटीतल्या एकूण एक. फोन निघाले, लोक बाकावर सरकले. आणि तुम्ही सावकाश, अगदी मास्तरासारखे सांगू लागलात, की या माशाला डोळे खरं तर दोनच, पण प्रत्येकाचे दोन भाग. वरच्या भागाने तो पाण्याबाहेरचं बघतो, खालच्याने पाण्यातलं, एकाच वेळी. म्हणून तो असा पृष्ठभागाला चिकटून तरंगतो. कुणीतरी प्रश्न विचारला, तुम्ही त्याचं लांबलचक उत्तर दिलंत. मग आणखी एक मासा दाखवलात. तोवर आईने काठ धरला, बसली, पाय आत घेतले, पायरीवर टेकवले, उठली, आणि बाकावर जाऊन पदर सारखा केला. लोकांनी माना फिरवल्या तेव्हा ती आधीपासून तिथेच असल्यासारखी बसलेली होती.

मासा होता का? होता. मी नंतर पाहिला. पण तुम्ही हाक मारलीत तेव्हा तो नेमका तिथे होता की नाही, याबद्दल मला शंका आहे, आणि ती मला फिटवून घ्यायची नाही.

पुढचं तर तुमच्या रोजचंच. दोन्ही बाजूंना कांदळ, पाण्यात पाय रोवून उभं. आई म्हणाली, "अगं, हे तर आपलंच." फांदीवर सुंभाच्या गुंड्यासारखा गुरफटून बसलेला, अजगरासारखा बोआ साप. मग मोकळं पाणी, इंजिन बंद, आणि ते लाल पक्षी. स्कार्लेट आयबिस, तुमचा राष्ट्रीय पक्षी. लहानपणी करडा असतो, खेकडे-कोळंबी खाऊन खाऊन लाल होतो, काही थवे दिवसभर व्हेनेझुएलात चरून मुक्कामाला इथे येतात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत आणि मग गप्प बसलात. बेटावरचं हिरवं झाड बघता बघता लाल झालं. पश्चिमेला पारियाच्या आखाताकडे सूर्य गेला, आणि तुमच्याकडे तो रेंगाळत नाही, अंधार भसकन येतो. आईने एकही फोटो काढला नाही. मी काढले, त्यात लाल ठिपके आले आहेत.

इथे परत आल्यावर हे सांगितलं, तर नातेवाइकांचं एकमत झालं: "शेवटी रक्त आपलंच ना!" १८४५ च्या मे महिन्यात फातेल रझाक जहाज कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी पहिले मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं, आलेले बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. तुमचे पूर्वज त्यातले असतील, नसतील, मी विचारलं नाही. मला या रक्ताच्या गोष्टीचा राग येतो. राधानगरचा मॅनेजर आमच्या पेठेतला होता. रक्त, भाषा, पेठ, सगळं जुळत होतं, तरी आई गाडीत चपला राखत बसली. माणुसकी गावावरून ठरत असती तर हे पत्र मला त्याला लिहावं लागलं असतं.

आमच्याकडे मदत करणारे कमी नाहीत, हेही लिहायला हवं. दंडाला धरून ओढणारे आहेत, "अरे बाजूला व्हा, आजींना जाऊ द्या" असं स्टेशनभर ओरडणारे आहेत. हेतू चांगलाच असतो. पण चारचौघांत आपलं म्हातारपण पुकारलं गेलं की माणूस पुढच्या वेळी घराबाहेर पडायलाच नको म्हणतो, हे त्यांच्या गावी नसतं. आईने गेल्या काही वर्षांत किती लग्नं, किती जत्रा "मला कंटाळा येतो" म्हणून टाळल्या, त्यातला कंटाळा किती आणि पायरी किती, हे मी आता मोजायला लागलेय.

निरोप घेताना तुम्ही ती लाकडी पायरी आम्हाला देऊ केलीत. आईनेच नको म्हटलं. तुमच्या गाडीत आणखी कुणी गुडघेवालं बसेल, त्याला लागेल म्हणाली. बहिणीच्या नवऱ्याने मात्र माप काढून घेतलं आणि इकडे आमच्या सुताराने तशीच एक बनवली. फळ्या सागवानी आहेत, तुमच्या पायरीपेक्षा जड झाली, पण चालते. मागच्या आठवड्यात ती घेऊन आई भाच्याच्या मुंजीला गेली.

आणि एक बातमी. त्या अंदमानवाल्या कंपनीतून परवा फोन आला, दिवाळीत केरळची सहल आहे, जुन्या ग्राहकांना सवलत. फोन आईने घेतला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या बसची पहिली पायरी जमिनीपासून किती इंचांवर आहे?"

पलीकडून "विचारून सांगतो, मॅडम" असं उत्तर आलं. अजून सांगितलेलं नाही. आई रोज विचारते, आला का फोन.

घरच्या सगळ्यांना आमचा नमस्कार सांगा.

आपली,
आजींची थोरली मुलगी