बिलात स्टँडर्ड, मशीनवर इव्हॅल्युएशन: तिकीट परत उघडा

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय. 3 मार्च 2025 ला तुमच्या इंजिनियरने आमच्या भोसरीच्या युनिटमध्ये सर्व्हर बसवला. बिलात स्पष्ट लिहिलंय, विंडोज सर्व्हर 2022 स्टँडर्ड, 16 कोर. पैसे आम्ही आगाऊ भरलेत, पूर्ण. आणि मशीनवर टाकलं काय तर इव्हॅल्युएशन, म्हणजे फुकटचं ट्रायल व्हर्जन, 180 दिवसांचं. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात तसं लिहूनही येत होतं पण सर्व्हरच्या स्क्रीनसमोर रोज कोण बसतं, आम्ही सगळे रिमोटने आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मी तेव्हाच एडिशन दाखवणारी गेट-करंटएडिशन कमांड चालवून बघायला हवं होतं, ती माझी चूक. पण बिल स्टँडर्डचं दिल्यावर आत स्टँडर्डच असणार एवढा विश्वास आम्ही तुमच्यावर ठेवला होता.

30 ऑगस्टला मुदत संपली आणि सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडायला लागला. पहिल्यांदा वाटलं यूपीएस गेला, मग वाटलं रॅम. इव्हेंट लॉग उघडला तेव्हा दिसलं की लायसन्सची मुदत संपली म्हणून सिस्टिमच शटडाऊन करतेय. ऐन गौरी-गणपतीत मी घरचं सगळं टाकून युनिटवर बसले होते, कारण 1 तारखेला कामगारांच्या पगाराचं काम होतं. अकाउंट्सच्या ताई सॅलरी शीट अर्धी भरतात, सर्व्हर बंद, परत चालू करायचा, परत लॉगिन, परत भरायची. दुपारपर्यंत चार वेळा असं झालं आणि चौथ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तुम्ही मेलवर पाठवलेली लायसन्स की मी आधीच टाकून बघितली होती. कोडच्या शेवटी एफ069 असलेला एरर येतो. येणारच, कारण इव्हॅल्युएशनवर नुसती की टाकून चालत नाही, आधी डिस्म या विंडोजच्या टूलच्या सेट-एडिशनने एडिशन बदलावी लागते. आणि आमचा सर्व्हर डोमेन कंट्रोलर आहे, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तोच सांभाळतो, तोही एकुलता एक, त्यामुळे तेही होत नाही. डोमेन कंट्रोलर असलेलं इव्हॅल्युएशन जागच्या जागी बदलता येत नाही. दुसऱ्या मशीनवर खरं लायसन्स असलेला सर्व्हर उभा करायचा, त्याला अ‍ॅडिशनल डोमेन कंट्रोलर करायचं, पाचही एफएसएमओ रोल (डोमेन कंट्रोलरच्या खास जबाबदाऱ्या) तिकडे न्यायचे, मग जुन्यावरून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि पीसींची नोंद) काढायची आणि मगच कन्व्हर्ट करायचं. हे तुम्हाला माहीत असायला हवं, सर्व्हर विकणं हा तुमचा रोजचा धंदा आहे.

आता 2 तारखेच्या कॉलबद्दल. हे सविस्तर लिहितेय कारण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी तिकीट नंबर सांगितला, एडिशन काय दिसते ते वाचून दाखवलं, सर्व्हरस्टँडर्डइव्हॅल, एरर वाचला, डोमेन कंट्रोलर आहे हे सांगितलं. समोरचा माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कुणी टेक्निकल माणूस आहे का? त्यांना फोन द्या ना." मी म्हटलं, मीच सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. तर म्हणे, "नाही, सर कुणी असतील तर बरं पडेल." मी नऊ वर्षं हे काम करतेय. 41 पीसी, दोन प्रिंट सर्व्हर, सगळ्यांचे बॅकअप मी बघते. मी परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने 22 मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन सांगितलं, "सेटिंगमध्ये जाऊन की बदला, नाहीतर फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारा! एकुलत्या एका डोमेन कंट्रोलरवर. सगळे युजर, सगळ्या पॉलिसी, 41 पीसी परत एकेक करून डोमेनला जोडायचे, हे त्याला कळत तरी होतं का? मी नको म्हटल्यावर म्हणाला की मग डेटासेंटर या महागड्या एडिशनची की घ्या, फरकाचे पैसे भरा, होऊन जाईल. होत नाही हो. डोमेन कंट्रोलर आहे तोवर स्टँडर्डही होत नाही आणि डेटासेंटरही होत नाही. आणि मी ऐकून पैसे भरले असते तर?

शेवटी मीच रीआर्म करून मुदत वाढवली म्हणून पगार झाले. ही तात्पुरती सोय आहे, मुदत परत संपणार आहे, आणि आम्ही पैसे इव्हॅल्युएशनचे भरलेले नाहीत. आज फोन केला तर कळलं की तुम्ही तिकीट बंद केलंय, "सर्व्हर चालू आहे, इश्यू रिझॉल्व्ड" असा शेरा मारून. तो मी चालू केलाय, तुम्ही नाही. बिल स्टँडर्डचं आहे आणि मशीनवर अजूनही इव्हॅल्युएशनच आहे, मग रिझॉल्व्ड काय झालं?

तिकीट आजच परत उघडा. तुमचा सीनियर इंजिनियर युनिटवर पाठवा, फोनवरचा नको. येताना रोल हलवण्यापुरतं दुसरं मशीन तुमच्याकडून आणायचं, तुमच्या खर्चाने, आणि काम रविवारी करायचं म्हणजे शॉप फ्लोअर थांबणार नाही. आधी फुल बॅकअप माझ्यासमोर घ्यायचा. काम संपल्यावर एडिशन आणि अ‍ॅक्टिव्हेशन दोन्ही मला स्क्रीनवर दाखवायचं, त्याशिवाय मी सर्व्हिस रिपोर्टवर सही करणार नाही. आणि 2 तारखेचं कॉल रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ऐका आणि त्या माणसाकडून मला लेखी माफी पाठवा.

पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे 12 सप्टेंबरपर्यंत, हे झालं नाही तर एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्यू होणार नाही आणि वकिलामार्फत नोटीस येईल. बिल, मुदत संपल्याचे लॉग, एररचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवलंय. सहा वर्षं आम्ही सगळं हार्डवेअर तुमच्याकडूनच घेतलं, दुसरीकडे कोटेशनसुद्धा मागवलं नाही. वाईट वाटतं.

सिस्टिम अ‍ॅडमिन
भोसरी एमआयडीसी, पुणे
4 सप्टेंबर 2025