हेड गॅस्केट बदलताना ब्लॉकवर ग्राइंडर नको

महोदय,

घोडबंदर रोडच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडून गाडी गरम होते, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, या दोघांमधलं सील) उडतं, गॅरेजमध्ये नवं बसतं आणि दोन-चार महिन्यांत तेही जातं. मग खापर फुटतं 'डुप्लिकेट माला'वर. बऱ्याचदा माल अस्सल असतो. ज्या ब्लॉकवर तो बसवला त्याचा पृष्ठभाग बिघडलेला असतो, आणि तो साफसफाई करतानाच बिघडवलेला असतो.

जुनं गॅस्केट चिकटून बसलेलं, गिऱ्हाईक घाईत, म्हणून ग्राइंडरला घासायची डिस्क लावून पाच मिनिटांत ब्लॉक चकाचक केला जातो. ठाणे-नवी मुंबईतल्या गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, ही सवय सोडा. त्या डिस्कमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. ते सिलिंडरमध्ये आणि ऑइलच्या वाटांमध्ये उतरतात, बेअरिंगच्या मऊ थरात रुततात आणि क्रँकला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला) घासत राहतात. गॅस्केटचं काम झालेली गाडी पुढे इंजिनच्या खालच्या भागातून ठकठक आवाज करायला लागते, तेव्हा या डिस्कची आठवणही कुणाला होत नाही. शिवाय हातातली डिस्क एकसारखी फिरत नाही. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर, ती पटकन खड्डा पाडते. डोळ्यांना मात्र तिथे फक्त चकाकी दिसते.

जुनी कॉम्पोझिट (मऊ तंतुमय मिश्रणाची) गॅस्केटं थोडाफार खडबडीतपणा सांभाळून घेत. आता बऱ्याच गाड्यांत स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थरांचं, म्हणजे एमएलएस गॅस्केट येतं. त्याला साधारण ०.८ मायक्रॉनच्या आतला गुळगुळीतपणा आणि खरा सपाटपणा लागतो. डिस्कने काढलेली वर्तुळं त्याला चालत नाहीत.

मग साफ कसं करायचं? आधी सिलिंडरमध्ये स्वच्छ कापड कोंबा, ऑइल-पाण्याची भोकं बंद करा. गॅस्केट रिमूव्हर लावून डब्यावर दिलेला वेळ थांबा. बिडाच्या ब्लॉकला धारदार पातं आडवं धरून चालतं. अ‍ॅल्युमिनियमला प्लास्टिकचा स्क्रेपरच हवा. काळपट डाग राहिला तर राहू द्या, नखाला लागेल असं काही राहता कामा नये. पाण्याच्या भोकांच्या कडा नीट पाहा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलेल्या इंजिनात तिथे गंजाने खड्डा पडलेला असतो. तो खड्डा गॅस्केटच्या पट्टीखाली येत असेल तर कितीही पुसलं तरी गळती थांबणार नाही.

बोल्टची भोकं हा सर्वांत दुर्लक्षित भाग. त्यात साचलेलं ऑइल किंवा पाणी हवेच्या प्रेशरने काढलं नाही, तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट नसते. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला आवाज देणारा पाना) वेळेआधीच 'कट' असा आवाज देते, हेड मात्र ढिलं राहतं. कधी ब्लॉकच तडकतो. आटे साफ करायला आटे पाडायचा नवा टॅप फिरवू नका, तो धातू कापतो. जुन्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तो हाताने फिरवा. आवळताना ताणून लांब होणारे बोल्ट असतील तर ते नवेच घ्या.

यानंतर मोजमाप. इंजिन थंड असताना खास स्ट्रेट एज (अचूक सरळ धारेची पट्टी, स्टेशनरीच्या दुकानातली नव्हे) लांबीला दोन, रुंदीला दोन आणि तिरक्या दोन अशा सहा रेषांवर ठेवायची आणि फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांच्या संचाचं) ०.०५ मिमीचं पान खालून सरकवून पाहायचं. ते शिरलं तर मॅन्युअलमधली मर्यादा तपासा. अनेक गाड्यांत ती ०.०५ ते ०.१ मिमी असते. मर्यादेबाहेर गेलेला ब्लॉक वागळे इस्टेट किंवा रबाळ्याकडच्या मशीन शॉपमध्ये फेसिंगला (पृष्ठभाग मशीनवर सपाट करायला) गेलाच पाहिजे. डिझेल इंजिन असेल तर फेसिंगनंतर पिस्टन जास्त वर येतात. ते किती वर येतात हे डायल गेजने (काट्याच्या मापकाने) मोजून त्याला जुळेल त्या जाडीचं गॅस्केट निवडावं लागतं (जाडी ओळखायला त्यावर खाचा किंवा भोकं असतात), नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो.

खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, उघडा बिडाचा ब्लॉक रातोरात तांबूस होतो. काम थांबलं तर ऑइलचा हलका हात फिरवून झाकून ठेवा. मेट्रोच्या कामाची धूळही त्यामुळे दूर राहील. बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. वरून सिलिकॉन फासू नका. मॅन्युअलने टायमिंग कव्हरच्या सांध्यावर ठिपका सांगितला असेल तर तेवढाच.

गाडीमालकांनी हेड बसवण्यापूर्वी गॅरेजमध्ये जाऊन सहा रेषांची तपासणी समोर करून घ्यावी. या कामाला अर्धा दिवस जास्त लागतो. तो वेळ मेकॅनिकला द्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

– एक वाहन तंत्रज्ञ, ठाणे